दोरीला बांधलेली कात्री

मावशीच्या वरच्या पुढच्या दातात एक खाच होती आणि त्या खाचेचा तिला वीस वर्षं अभिमान होता. शर्टाची कॉलर शिवून झाली की ती मान खाली घालायची, दोरा बरोब्बर खाचेत बसायचा आणि कट्! ना कात्री शोधायची, ना उठबस. अख्ख्या शिवणखात्यात तिच्याइतका साफ दोरा कुणाचा तुटत नसे. नवी पोरगी कामाला लागली की मावशी तिला सांगायची, "देवाने बत्तीस दिलेत, त्यातले दोन कंपनीला दिले तर काय बिघडलं?" सगळ्या खिदळायच्या.

कात्री नव्हती असं नाही. आठ जणींच्या ओळीला एक होती. पण मागे दोन कात्र्या हरवल्या, तेव्हापासून सुपरवायझरने ती हातभर दोरीने आपल्या टेबलाच्या खिळ्याला बांधून टाकली होती. हा माणूस दिवसभर मनगटाकडे बघायचा, म्हणून बायकांनी त्याचं नाव घड्याळ पाडलं होतं. दोरा कापायला कुणी उठलं की घड्याळ विचारायचं, "काय बाई, फिरायला निघालात?" असलं ऐकून घेण्यापेक्षा दात परवडले.

दोन महिन्यांपूर्वी मावशीचा तो दात ठणकायला लागला. तिने लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या. एकदा तर डोकेदुखीची गोळी चुरून हिरडीवर दाबून ठेवली. हिरडी अशी भाजून निघाली की दोन दिवस नुसत्या दुधावर काढावे लागले. मग एके सकाळी ठणका आपोआप थांबला. दात काळपट पडला होता, हिरडीवर मुगाएवढी पुळी आली होती. ती फुटली की तोंड घाण व्हायचं आणि चार दिवसांनी पुन्हा भरायची. पण दुखत तर नव्हतं! "बघ, लवंगेनेच गुण आला," मावशीने सुनेला ऐकवलं. सून तिच्या शेजारच्याच मशीनवर बसायची. लग्न होऊन आली त्याच वर्षी मावशीने तिला इथे चिकटवलं होतं आणि सगळं काम हाताला धरून शिकवलं होतं.

तेवढ्यात कंपनीला कामगारांच्या आरोग्याचा पुळका आला. भिंतीवर हसऱ्या, पांढऱ्याशुभ्र दातांचं चित्र लागलं आणि जेवणाच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण बॅटरी आणि आरसा घेऊन बसली. मावशीचा नंबर पहिला.

"हा दात मेलाय, मावशी."

"मेला कसा? लवंग धरली, गोळी चुरून हिरडीवर लावली आणि दुखायचा थांबला की."

"आतली नस मेली म्हणून थांबला. दाताला चीर गेलीय, त्यातून जंतू मुळापर्यंत पोचलेत. आत पू होतोय, तोच पुळीतून बाहेर येतो. लवंगेने कळ दबते, दात बरा होत नाही. आणि गोळी हिरडीवर ठेवायची नसते, गिळायची असते. उद्या दवाखान्यात या. मूळ साफ करून वर टोपी बसवली तर वाचेल बहुतेक. पण त्या दाताने पुन्हा दोरा तोडलात, तर मग उपटावाच लागेल."

मावशीने मान डोलावली. मनात म्हणाली, गेला तर गेला एक दात. एवढ्यासाठी घड्याळाशी कोण डोकं फोडणार!

मग सून खुर्चीत बसली, मावशी तिच्या बाजूला उभी राहिली. डॉक्टरिणीने आरसा फिरवला आणि हसून म्हणाली, "दात अगदी आईवर गेलेत की गं! तशीच खाच, त्याच जागी."

"सासूबाई आहेत त्या माझ्या," सून म्हणाली.

डॉक्टरिणीचं हसू मावळलं. तिने बॅटरी पुन्हा जवळ नेली. "किती वर्षं तोडतेस दोरा?"

"चार."

"चीर नाही अजून. पण कड झिजलीय. थांबवलं नाहीस तर तुझाही दात असाच जाणार."

मावशीच्या डोळ्यांपुढे सुनेचं लग्नातलं हसू आलं. सरळ, अखंड दात होते पोरीचे. हिच्या आईने धड दातांची मुलगी दिली होती आणि चार वर्षांत आपण तिला आपली खाच दिली. दोन कंपनीला दिले तर काय बिघडलं म्हणे! त्या वाक्यासाठी आपल्याच थोबाडीत मारावी असं तिला वाटलं. राग असा उसळला की काळा दात पुन्हा ठणकल्यासारखा झाला.

ती तडक घड्याळाच्या टेबलाशी गेली. "साहेब, प्रत्येक मशीनवर एक कात्री पाहिजे."

"हरवतात."

"आमचे दात हरवतायत ते?"

घड्याळाने मनगटाकडे पाहिलं. "हे बघा मावशी, दात तुमचे, कात्री कंपनीची." मग भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "दोनदा घासत चला, काही होत नाही."

"घासून खाच भरते का हो? तुमच्या बायकोला बसवता माझ्या शेजारी? चार वर्षं?"

ओळीतली मशीन्स थांबली. घड्याळाचा चेहरा लाल झाला. मावशीने खिळ्यावरची कात्री उचलली, दोरी दुमडून तिच्याच पात्यांत धरली आणि कचकन कापली. इतकी वर्षं आठ बायका त्या दोरीला भीत होत्या आणि कापायचं हत्यार तिच्याच टोकाला लटकत होतं. याचाही मावशीला राग आला.

"उद्यापासून येऊ नका!" घड्याळ ओरडलं.

"उद्या नाहीच येणार. दात दाखवायला जायचंय. परवा येईन, तेव्हा आठ कात्र्या मोजून ठेवा. नाहीतर आठ जणी तोंड उघडून मालकाच्या दारात उभ्या राहू. बघू दे त्यालाही एकेकीची खाच."

"मी येईन," मागच्या मशीनवरून कुणीतरी म्हणालं. "मीही," आणखी एक आवाज आला.

मावशीने कात्री सुनेच्या मशीनवर आपटली आणि आपल्या जागी येऊन बसली. सुनेने कॉलर शिवून संपवली आणि सवयीने मान खाली घातली. मावशीचा हात मध्ये गेला. सुनेचे दात तिच्या बोटावर रुतले.

"आई गं! लागलं का?"

"लागू दे," मावशी म्हणाली. "मीच शिकवलं होतं ना. घे ती कात्री."