पाट बांधलेली सायकल

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. कल्याणच्या एका पडवीत, जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून उभी आहे. पण हसू नका हं! एके काळी मी आले की बायका डोक्यावरच्या घागरी सांभाळत बाजूला व्हायच्या. "आला गं बाई, बिनबैलाचा गाडा!"

माझा जन्म विलायतेतला. बोटीने मुंबईला उतरले आणि विठ्ठलराव वकिलांच्या घरी आले. शीळच्या रस्त्याने आम्ही सुसाट जायचो. विठ्ठलरावांचं उपरणं मागे झेंड्यासारखं फडफडायचं. काय ते दिवस!

नागपंचमीला त्यांची आक्का शहापूरहून माहेरी आली. "विठू, यंदा भाऊबीजेला सायकलवरून ये. सासरी सगळे म्हणतात, तुझा भाऊ नुसत्या बाता मारतो. मी वेशीवर येऊन उभी राहीन."

विठ्ठलरावांनी शब्द दिला. मनातल्या मनात मीही दिला. एवढ्या लांब मी कधी गेलेच नव्हते!

मग सुरू झाली तयारी. माझी चामड्याची बैठक टोचते, म्हणून कापसाची गादी शिवली. ती इतकी उंच झाली की त्यांचे पाय पॅडलला पुरेनात. वाटेत परक्याचं पाणी चालत नाही, म्हणून घरच्या विहिरीची भरलेली कळशी. भुईवर बसून जेवायचं नाही, म्हणून चक्क पाट! वर सतरंजी, छत्री, शिधा.

"अहो, भाऊबीजेला निघालात की बिऱ्हाड हलवताय?" वासंतीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तुला काय कळतंय प्रवासातलं! अंगाला त्रास नको."

आणि माझ्या अंगाचं काय? दोऱ्यांनी मला अशी करकचून आवळली की निघण्याआधीच मी कैदी झाले.

भाऊबीजेच्या सकाळी गावाबाहेरच्या पहिल्याच चढावर पाट घसरला. त्याची दोरी मागच्या चाकात गुंतली आणि तारा कडाकड तुटल्या. विठ्ठलराव एकीकडे, कळशी दुसरीकडे! बैलगाडीत आडवी घालून मला घरी आणली, तोवर शहापूरकडची आगगाडीही चुकली. आक्का तबक घेऊन दिवेलागणीपर्यंत वेशीवर उभी होती, हे मागून कळलं.

"सायकलीतच दम नाही," असं विठ्ठलराव शेजाऱ्यांना सांगू लागले. कळशी आणि शिधा तेवढा आत गेला. मला बाकी ओझ्यासकट जिन्याखाली ढकलली. रागाने कुणी दोऱ्यासुद्धा सोडल्या नाहीत. हँडलवर ओले पंचे वाळू लागले, गादीत उंदरांनी संसार थाटला. बाहेरचा रस्ता मला दिसत नाही, नुसता ऐकू येतो. ते फार वाईट असतं, मित्रांनो.

पुढच्या पंचमीला आक्का आली. वाकून जिन्याखाली आली आणि पाटावर हात ठेवला.

"हा कशाला रे घेतला होतास?"

"वाटेत जेवायला बसायला..."

"अरे विठू, तुझ्यासाठी मी पाट मांडूनच ठेवला होता की रे!"

विठ्ठलरावांनी खाली बसून एकेक गाठ सोडली. अंग मोकळं झालं, पण चाक तसंच राहिलं. नव्या तारा विलायतेहून यायच्या आहेत म्हणे.

मित्रांनो, लांब जाताना गादी घाला, पाणीही घ्या. बूड सोलून घेण्यात कसलं आलंय शौर्य? पण बांधाबांध झाली की वाकून एवढं बघा, सायकलीचं चाक मोकळं फिरतंय ना. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर आजच्या आज तिचं तोंड दाराकडे वळवा.