रेवाच्या घागरीचा रस

माझी बायको रेवा पौषात गेली. यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिच्या नावाची पहिली घागर भरायची होती. आमच्याकडे त्या दिवशी पाण्याने भरलेल्या मातीच्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवतात. दुपारी निखाऱ्यावर पितरांसाठी आमरसाचा आणि पुरणपोळीचा घास टाकतात. तोवर घरात कोणी आंबा खात नाही.

शहाद्यात आमचं फळांचं दुकान आहे. आता ते मुलगा ईश्वर बघतो. पस्तीस वर्षं मी कच्च्या आंब्यांच्या पेटीत पिकवायच्या पावडरची पुडी ठेवली आणि तिसऱ्या दिवशी ते पिवळे आंबे विकले. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात रेवासाठी त्यातलेच पिशवीभर घेऊन गेलो. तिने एक हुंगला आणि पिशवी परत माझ्या हातात दिली.

"तुमले इकनं व्हई ते इका. मन्हा घरमा हाई नको."

घरासाठी ती तोरणमाळच्या रायसिंगकडून टोपलीभर कैऱ्या मागवायची. खाटेखाली गवतात त्यांची आढी घालायची. दहा-बारा दिवसांनी घरभर वास सुटायचा. रस हातानेच पिळायची, साखर नाही, नुसती सुंठ आणि वरून तूप. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, शेठ, तुम्ही घरी कोणते खाता? मी म्हणायचो, हेच. हे रेवाला सांगितलं तेव्हा ती हसली नव्हती.

यंदा आढी मीच घातली. आंबे पिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून कोणाला विचारलं नाही. दुकानातल्या सवयीने रोज सकाळी गवत उचलून बघायचो. आखाजीच्या आदल्या दिवशी शेजारच्या भिकुबाई आल्या. त्यांनी एक आंबा दाबून पाहिला. तो दगडासारखा होता. रेवा कैऱ्या आधी बादलीतल्या पाण्यात टाकायची, बुडतील त्या आढीला आणि तरंगतील त्या लोणच्याला, हे त्यांनी मला सांगितलं. आणि रोज उघडल्यावर आतली ऊब राहील कशी, असं विचारलं. मला पाण्याचं माहीतच नव्हतं. एकाच घरात राहून मी ते कधी बघितलं नव्हतं.

ईश्वर दुकानातून पाटीत डझनभर पिवळेधमक आंबे घेऊन आला. तो म्हणाला, आईची पहिली घागर आहे, रसाशिवाय कशी भरायची? सून सोनमने पाटी घेतली खरी, पण माझ्याकडे बघत उभी राहिली. मी ती पाटी उचलून घराबाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवली. घागरीवर प्रकाशा गावचं नुसतं डांगर ठेवू आणि आढीतले आंबे पिकल्यावर रस देऊ, असं मी सांगितलं.

ईश्वर वैतागला. "आबा, पित्तर काय आठ दिन थांबतस का?"

"तुन्ही माय थांबी," मी म्हणालो. "मी दुकानवरतीन येवापावत रोज थांबे ना ती."

 आखाजीला पुरणपोळीचा घास टाकला. नातेवाईक रसाशिवाय जेवले आणि जाताना भिकुबाईंच्या ओट्यावर हसले असतील. त्यानंतर ईश्वर रोज दिवसभर दुकानात आंबे विकायचा आणि घरी येऊन एकही खायचा नाही.

मी आढीतल्या कैऱ्या काढून पाण्यात टाकल्या. तरंगलेल्या बाजूला काढून सोनमला दिल्या. बाकीच्या नव्या गवतात झाकल्या आणि हात लावला नाही. हे जड गेलं. खाटेवर बसून राहायचो, खाली वाकायचो नाही.

अकराव्या दिवशी सोनमनेच वास आल्याचं सांगितलं. अठरा आंबे निघाले. काहींच्या सालीवर काळे डाग होते, दुकानात असते तर मी ते मागे टाकले असते. मी पिळत बसलो, हात कोपरापर्यंत माखले. सुंठ किती घालायची ते सोनमला ठाऊक होतं.

मी निखारे पेटवले आणि तूप घालून पहिला घास टाकला. तो चरचरला, धूर झाला. मग आम्ही तिघं जेवायला बसलो. रस गाळायचा राहून गेला होता, दोरे दातात अडकत होते. रेवा फडक्यातून गाळून घ्यायची.  ईश्वरने वाटी पुसून खाल्ली आणि पुन्हा पुढे केली.