आत्याबाईंची मान का हलते

आत्याबाईंना गाजर द्यायचं तर सोलून द्यावं लागतं. न सोललेलं गाजर त्या तोंडात घेतात, एकदा चावतात आणि देणाऱ्याच्या चपलेवर टाकतात. म्हणून तर नाव पडलं आत्याबाई. घोडी तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की लग्नघरात आपल्याला कुणी नीट विचारलंच नाही.

या घोडीवर मास्तरांचा जीव. मास्तर म्हणजे घोडेस्वारी शिकवणारे मास्तर. गावाच्या कडेला त्यांची छोटी पागा आहे, ती नवरा-बायको मिळून चालवतात. म्हणजे मास्तर शिकवतात आणि बाकीचं सगळं बायको बघते. सगळं म्हणजे चारा, औषधं, शिकणाऱ्या पोरांच्या आयांचे फोन आणि मास्तर.

तर झालं असं. पागेच्या फाटकापाशी चिखल वाळून दगडासारखे कडक खड्डे झाले होते. आत्याबाई पाण्याच्या हौदाकडे निघाल्या होत्या, तोऱ्यात, खाली न बघता. पुढचा डावा पाय खड्ड्यात वाकडा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तीन पायांवर उभ्या, चौथा नुसता जमिनीला लावलेला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान, बोलायला मोजक्या. त्यांनी मशीन लावून पडद्यावर दाखवलं. खुराच्या आतल्या सांध्याला बाजूनं धरून ठेवणारं लिगामेंट ताणलं होतं, थोडं फाटलंही होतं.

"आधी नुसता आराम," त्या म्हणाल्या. "मग हातात दोरी धरून चालवायचं. सपाट, कडक रस्त्यावर, सरळ. गोल फिरवायचं नाही, मऊ मातीत न्यायचं नाही. आणि घाई केलीत तर पुन्हा पहिल्यापासून सुरू."

"बरी होईल ना पण?" मास्तर.

"बघू. पुढच्या तपासणीला लंगडत असेल तर पोरांना शिकवायच्या कामाची नाही ती. डोंगरापलीकडे माझ्या ओळखीचं एक मोठं कुरण आहे, म्हातारे घोडे ठेवतात तिथे. मोकळी राहील."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं, ही तरी नाही म्हणेल म्हणून. ती म्हणाली, "बरोबर आहे. चार भिंतींत कोंडून ठेवायचं का तिला जन्मभर?"

मास्तर घोडीच्या आयाळीतलं गवत वेचायला लागले. बायको बरोबर बोलत असली की त्यांना असंच काहीतरी काम सापडतं. आत्याबाई शिंगरू असल्यापासून त्यांच्याकडे. तिला पहिल्यांदा दोरीनं चालायला त्यांनीच शिकवलेलं. ती गेली तर पागेत आणखीही घोडे होते, पण मास्तरांना विचाराल तर मग उरलं काय, नुसतं शेण.

आराम सुरू झाला. आराम घोडीला, मास्तरांना नाही. त्यांनी खुर्ची तिच्याजवळच टाकली. पायाला गार फडकी बांधायची, सोडायची, परत बांधायची, वर गप्पा मारायच्या.

बायको दारातून बघायची. "माझा हात भाजला होता तेव्हा म्हणालात, नळाखाली धर. आठवतंय?"

"अगं, ती बोलू शकत नाही."

"तेवढंच आवडतं तुम्हाला तिच्यातलं."

शेवटी चालवायचा दिवस उजाडला. आता इतके दिवस कोंडलेली घोडी, ती काय देवळात निघाल्यासारखी निघणार? रस्त्यावर येऊन जरा पुढे जातात न जातात तोच कुणाच्या तरी भिंतीवरचं प्लास्टिक फडफडलं. आत्याबाईंचे चारही पाय एकदम हवेत. मास्तरांनी दोरी सोडली नाही. आत्याबाई खाली आल्या त्या अगदी अलगद, फूल ठेवावं तशा. मास्तर आले ते रस्त्याच्या कडेवर, घोट्यातून वाकडे. आतून कट् असा आवाज आला.

त्यांनी आधी वाकून तिचा पाय चाचपला. तो ठीक होता. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मास्तरांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, हे कुणाला सांगायचं नाही.

का? तर शिट्टी. शिट्टी म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पागेतच काम करायचा. उठता-बसता शिट्टी वाजवायचा म्हणून शिट्टी. मास्तरांचा पाय मोडला म्हटल्यावर दोरी त्याच्या हातात जाणार, हे उघडच होतं. आणि शिट्टी घोडा कसा चालवायचा? एका हातात फोन, दुसऱ्या हातात दोरी लोंबतेय, जसं काही कपडे वाळत घालायला निघालाय. मास्तरांचा नियम वेगळा. दोरी आखूड, हनुवटीच्या खाली, घट्ट.

"दाजी, तुम्ही घोडी धरलीय का चोर?" शिट्टी विचारायचा.

"तुझ्या हातून पळून गेलेले किती सांगू?"

"एकदाच पळालाय. आणि तोही घरीच गेला होता."

तर अशा माणसाच्या हाती आत्याबाई द्यायच्या? शक्यच नाही. मास्तरांनी जाड मोजे चढवले, बूट करकचून बांधले आणि रोज फिरवायला जाऊ लागले. बायकोसमोर चालायची वेळ आली की ते थांबून काहीतरी बघायचे. ढग बघायचे. कौलं बघायचे. एकदा तर रिकामी बादली इतका वेळ बघत राहिले की तिनं येऊन आत डोकावलं.

रस्त्यावर मात्र त्यांना एक युक्ती सापडली. कोपर घोडीच्या मानेला टेकवायचं, मूठ हनुवटीखाली दोरीवर, आणि दुखरा पाय टेकला की भार तिच्यावर सोडायचा. आत्याबाई, ज्या कुणाचं साधं गाजर सहन करायच्या नाहीत, त्यांनी हे गुपचूप सहन केलं. मास्तर गहिवरले.

गहिवर फार टिकला नाही. एक दिवस शिट्टी कुंपणावरून ओरडला, "दाजी, हिची मान हलतेय!"

घोडा पाय लपवेल पण मान लपवत नाही. पुढच्या पायानं लंगडणाऱ्या घोड्याची मान पावलागणिक वरखाली होते, हे ते स्वतःच पोरांना शिकवायचे. त्यांनी बघितलं. हलत होती.

"तुझीच नजर हलतेय," ते म्हणाले, आणि आवाज त्यांना स्वतःलाच खोटा वाटला.

मग ते जास्तच जपायला लागले. आणखी आखूड धरायचे, आणखी जवळ चालायचे, एकही फेरी चुकवायचे नाहीत. त्यांचा घोटा काही बरा होईना. उलट संध्याकाळी बूट निघायला तयार नसायचा. आणि आत्याबाईंची मान दिवसेंदिवस जास्तच हलायला लागली. मास्तरांचं जेवण कमी झालं. बायकोनं पानात उरलेलं बघून विचारलं, "तिला कुरणात पाठवायचं म्हणून ना?" ते म्हणाले, "काही नाही गं, उकडतंय." खिडकीतून चांगला गार वारा येत होता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई रस्त्याच्या टोकाला उभ्या राहिल्या. बायको हाताची घडी घालून त्यांच्याशेजारी. शिट्टी कुंपणावर बसलेला.

आधी पाय तपासला. सूज नाही, दाबलं तर दुखत नाही. मशीन लावलं. "छान भरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मास्तरांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. "आता चालवून दाखवा."

मास्तर गेले, आले. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या.

"मान हलतेय हो चांगलीच. कमाल आहे. जरा पळवून दाखवा, दुडक्या चालीनं."

"पळवून?"

"तिला. तुम्ही बरोबर."

मास्तरांनी रस्ता बघितला. रोजचाच रस्ता, पण आज क्षितिजापर्यंत गेल्यासारखा दिसत होता. दात आवळून निघाले. आत्याबाई दुडक्या चालीला लागल्या आणि मास्तर त्यांच्या मानेला लोंबकळत, एका पायावर उडी, दुसऱ्यावर विव्हळ, उडी, विव्हळ. मान अशी हलत होती की जणू आत्याबाई सगळ्या जगाला हो म्हणतायत.

"पुरे, पुरे!" डॉक्टरीणबाई लांबूनच ओरडल्या. "बघवत नाही. पाय वरून भरलाय, पण आत काहीतरी राहिलंय. मी कुरणात फोन लावते."

त्यांनी फोन काढला. मास्तर परत यायला वळले. घाम डोळ्यांत जात होता, म्हणून त्यांनी दोरीवरची मूठ सोडून कपाळ पुसलं आणि तेवढ्यापुरते लंगडी घालत चालले. सहज त्यांचं लक्ष आत्याबाईंच्या कानांकडे गेलं. कान सरळ रेषेत पुढे चाललेले. ना वर ना खाली.

त्यांनी परत मूठ धरली. पाय टेकला. कान खाली.

मूठ सोडली. कान सरळ.

मास्तर रस्त्यात थांबले. कानशिलं तापली. आता काय करायचं ते कळायला शहाणपण लागत नव्हतं, पण त्यासाठी जे जे करावं लागणार होतं ते सगळंच त्यांना नको होतं. बायकोसमोर बूट काढायचा. आणि त्याहून वाईट म्हणजे...

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणत होत्या, "हो, घोडीच आहे. गरीब आहे स्वभावानं."

"गरीब?" मास्तर ओरडले. "डॉक्टर, फोन ठेवा! शिट्ट्या, इकडे ये. धर हिला."

शिट्टीनं मागे वळून बघितलं, आपल्या मागे आणखी कुणी आहे का म्हणून. "मी?"

"तू. आणि लांब धर दोरी." मास्तरांनी दोरी पुढे केली. "तुझ्या पद्धतीनं धर."

शिट्टी कुंपणावरून उतरला. दोरी हातात घेतली, लोंबती, आणि चालायला लागला. आत्याबाई त्याच्यामागून निघाल्या. मग तो पळायला लागला, त्याही पळाल्या. मान अशी स्थिर की वर पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. डॉक्टरीणबाईंनी फोन खिशात टाकला. "परत एकदा," त्या म्हणाल्या. शिट्टी परत गेला, परत आला. मान जागच्या जागी.

मग सगळे मास्तरांकडे वळले. ते रस्त्याच्या मधोमध बगळ्यासारखे एका पायावर उभे होते.

"बूट काढा," बायको म्हणाली.

"घरी गेल्यावर..."

"अहो, बूट काढा."

बूट निघाला. आत घोटा नव्हताच, वांगं होतं. डॉक्टरीणबाई खाली बसल्या, बोटानं दाबलं, मास्तर केकाटले. "मी माणसांची डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या, "पण माझा पेशंट असता तर याला मी आधीच कुरणात पाठवला असता. लंगडत घोडी नव्हती. तुम्ही तिच्या मानेवर लंगडत होतात."

"तुला दिसलं नाही मी लंगडतोय ते?" मास्तरांनी बायकोलाच विचारलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

"दिसलं की. रोज दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं मुद्दाम लंगडताय. तिला एकटं वाटू नये म्हणून."

शिट्टी हसून हसून आत्याबाईंच्या खांद्यावर पडला. आत्याबाईंनी त्याला ढकलून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी हुकूम सोडले. घोडी इथेच राहील. पण अजून बरेच दिवस सरळ चालवायचं, सावकाश वाढवत न्यायचं, आणि रोज हा मुलगा चालवेल. मास्तरांनी आजच हाडांच्या डॉक्टरकडे जायचं आणि तोवर पाय जमिनीला लावायचा नाही.

"मी नुसता बाजूनं चाललो तर?"

"नाही."

"फाटकापर्यंत?"

"मास्तर, घोडीनं ऐकलं माझं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

बायकोनं त्यांना पायरीवर बसवलं, पाय स्टुलावर ठेवला आणि आतून पट्टी आणली. शिट्टी उरलेली फेरी मारायला आत्याबाईंना घेऊन निघाला. आत्याबाईंनी जाताना मास्तरांकडे वळूनही बघितलं नाही.

"वळणावर मोठा फेरा घे रे!" मास्तर ओरडले. "कडेच्या खडीवर नको! आणि फोन..."

तोवर ती दोघं भिंतीआड गेली होती. नुसत्या टापा ऐकू येत होत्या. मास्तरांनी मान कलती करून कान दिला. चारी टापा सारख्या, एकही हलकी नाही, एकही चोरून टेकलेली नाही. लांब लांब जात होत्या. मास्तरांनी बाहीनं नाक पुसलं.

"रडताय का?" बायकोनं विचारलं.

"पट्टी जोरात आवळतेस तू. दुखतंय."

"अजून सोडलेली नाहीये गुंडाळीतून," ती म्हणाली.