ठेचा मागायचा राहिला

लोक इचारतात, पल्लवी, दिवसभर घरात बसून तू करती तरी काय? शेजारच्या मिराबाईला मी एकदा खरं सांगून पाहिलं. म्हणलं, काकू, कंपनीचं काम झालं की मी सॉफ्टवेअर लिहिते अन् लोकायला फुकट देते. तिनं माझ्या मायकडं असं पाहिलं, जशी पोरगी हातची गेली. "फुकट काहून गं?" अख्ख्या हिंगोलीत या 'काहून'चं उत्तर ऐकून घ्यायला कुणाला सवड न्हाई, म्हणून आता कुणी इचारलं की मी म्हणते, काही न्हाई, माशा मारते.

सुरू झालं ते मायपायी. माझी माय, करुणा, आशा वर्कर हाय. खेड्यात जाऊन गरोदर बायांची माहिती मोबाइलात भरायची, अन् मधीच रेंज गेली की सगळं पुसून जायचं. एकदा लिंबाखाली फोन धरून तिला रडताना पाहिलं अन् माझं डोकंच फिरलं. मी एक लहानसं सॉफ्टवेअर लिहिलं. रेंज नसली तरी भरलेलं जपून ठेवायचं, रेंज आली की आपोआप पाठवायचं. इंटरनेटवर उघडं टाकलं. कुणीबी न्यावं, कुणीबी सुधारावं. सरकारी ॲपात बाहेरचं काही बसत न्हाई, म्हणून मायच्या मोबाइलात ते कधी गेलंच न्हाई, ब्राझीलपर्यंत मात्र गेलं. घ्या!

सांभाळायला आमी दोघंच. मी, अन् एक 'ब्लू केटल'. तिथं बरेच जण खरं नाव लावत न्हाईत. मी 'ग्रे फर्न'. फर्न म्हणजे कसलं झाड, मी बापजन्मात पाहिलेलं न्हाई, पण नाव कसं इंग्रजी वाटलं पाहिजे! ब्लू केटल चार वर्षांपासून माझ्या चुका काढायचा, मी त्याच्या. सगळं इंग्रजीत, सगळं कामापुरतं. "दुरुस्त केलं, कृपया तपासावे." "बरोबर आहे, आभारी." मी मनाशी धरलं होतं, असल कुणी थंड देशातला पेन्शनर, लोकरीचं स्वेटर घालून खिडकीपाशी बसलेला. पण दिवसभरात मी काय केलं हे कळणारा तो एकच माणूस. कधी कधी मी मुद्दाम एखादी चूक तशीच ठेवायची, म्हणजे तो लिहील. एवढी वाईट अवस्था.

मग एक दिवस त्यानं लिहिलं, "पुण्याच्या कॉन्फरन्सला येतोय. तुम्ही याल का?" मी ते मायला वाचून दाखवलं. माय म्हणली, "जा बाई. बोलायला कुणीतरी भेटल."

तिथं पोचलं की मेसेज करायचा एवढंच ठरलं, अन् मी ट्रॅव्हल्सनं गेले. एवढं मोठं हॉटेल, तळघरात हॉल, हजारो पोरं, सगळ्यांच्या लॅपटॉपवर चिकटवलेली चित्रं. गळ्यात नावाची पाटी, तीबी खऱ्या नावाची. एकानं इचारलं कुठली, म्हणलं हिंगोली. तो म्हणला, "अच्छा, हिंजवडी!" अन् निघून गेला. ब्लू केटलला मेसेज करावा तर वायफाय बंद पडलेलं अन् तळघरात रेंज न्हाई. मी गोऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडाकडं पाहत फिरले. दोन-तीन होते. एकाला धीर करून इचारलंबी, ब्लू केटल? त्यानं मला कॉफीची मशीन दाखवली.

जेवायला दाराजवळच्या टेबलावर बसले, येणारा-जाणारा दिसावा म्हणून. एक पोरगी आली, पिवळ्या ड्रेसवाली, पाटीवर अंजली. इंग्रजीत म्हणली, इथं बसू का? मीबी इंग्रजीतच म्हणलं, बसा. तिनं पर्समधून डबी काढली अन् त्या बेचव पनीरवर हिरवा ठेचा घेतला. वास आला अन् माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण मागायला जीभ उचलली न्हाई. एवढ्या मोठ्या जागी ठेचा काय मागायचा? दोघीबी गप जेवलो, दोघीबी दाराकडं पाहत. मग ती उठून गेली.

सांजच्याला बाहेर आले, रेंज आली, अन् त्याचे सगळे मेसेज एकदम धडाधड पडले. "आलात का?" "कुठे आहात?" "खूप शोधलं. आता निघतो." माझेबी तिकडं तसेच पडले असतील. आमचं सॉफ्टवेअर हेच तर करतं! ट्रॅव्हल्समध्ये मी तोंडावर ओढणी घेऊन रडले.

त्यानंतर ब्लू केटलचं लिहिणं आटलं. मी दोनदा इचारलं. घरात मी भांडी आपटायले लागले, माय ती उचलून जागेवर लावायची. लई दिवसांनी एक ओळ आली. इंग्रजीतच. "उशिराबद्दल माफी. आठ दिवसांपासून लाईट नाही. डीपी जळाली."

मी ती ओळ पुन्हा वाचली. ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणणारा माणूस थंड देशातला कसा असल? हा तर वायरमनला फोन करकरून थकलेला आपलाच माणूस! चार वर्षांत पहिल्यांदा मी मराठीत लिहिलं, "कोणत्या गावची डीपी?"

मग आलं, "कनेरगाव नाका." आमच्याच जिल्ह्यातलं, हिंगोलीहून एसटीनं तासाभरावर!

माय कपाळाला हात लावून म्हणली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा! जा, पहिली एसटी धर."

नाक्यावर उतरले. ब्लू केटलनं सांगितलेलं चहाचं हॉटेल समोरच होतं, शेगडीवर निळ्या रंगाची किटली. गल्ल्यावरच्या बाईनं, सत्यभामाबाईनं, आत लेकीला हाक मारली, "अंजे, तुझी पुण्यावाली आली बघ!" मी म्हणलं, "मावशी, मी हिंगोलीची." अन् आतून ती आली. तीच, पुण्यातली पिवळ्या ड्रेसवाली.

आमी एकमेकींकडं पाहतच राहिलो. मग ती हसायली, मी हसायले, अन् हसता हसता तिचे डोळे भरले.

"तू तवा इंग्रजीत बोललीस," ती म्हणली. "मला वाटलं मोठ्या घरची हाय."

"अन् तू काय मराठीत कीर्तन करून राहिली होतीस?"

चहा आला. अंजली कपाकडं पाहत म्हणली, "पल्लवी, मी येत्या सोमवारी बेंगलोरला चालले. नोकरी लागली. त्या दिवशी तिथं माझ्याशी धड बोलणारा एकच माणूस भेटला, एक कंपनीवाला. म्हणलं, इथं वाट पाहत बसण्यात काय हाय, अन् होकार दिला. बाहेरचं कोणतंच सॉफ्टवेअर लिहायचं न्हाई, अशी सही घेतली त्यांनी."

"म्हणजे आपलंबी न्हाई?"

"आपलंबी न्हाई. तू भेटली असतीस तर गेले नसते गं."

मला तिच्यावर चिडायचं होतं. कशावरून चिडू? तिच्यासारखीच मीबी दाराकडं पाहत बसले होते. निघताना तिनं तीच डबी माझ्या हातात दिली. "तवा पाहत होतीस तू. मला कळलं होतं. पण पुण्यात कुणाला ठेचा घेता का असं कसं म्हणावं?"

सोमवारी दुपारी लॅपटॉपवर ओळ आली, ब्लू केटल यांनी हे काम सोडले आहे. खाली सांभाळणाऱ्यांत एकच नाव उरलं, ग्रे फर्न. मी लॅपटॉप मिटला अन् माय भाकर वाढत होती तिथं जाऊन बसले. ठेचा घेतला. पहिल्याच घासाला डोळ्याला धारा लागल्या.

माय म्हणली, "लई तिखट हाय का गं?"

"व्हय," म्हणलं.