टाळी जरा लवकर पडली

सातव्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्यांना मिळून एकच लाकडी हात होता. त्याचं पॉलिश पुढच्या टोकाला पार उडालं होतं आणि मागच्या टोकाला जेमतेम खरवडलं गेलं होतं. पुढचं टोक चष्मेवाल्या बाईंच्या कोपराचं, मागचं दंतवैद्यांच्या. ही वाटणी कुणी बसून केलेली नव्हती. नाटक बघताना बाई पुढे झुकत आणि डॉक्टर मागे रेलत. वर्षानुवर्षं त्याच दोन खुर्च्या धरून ठेवल्यामुळे लाकडानंही ते निमूट मान्य केलं होतं.

बाईंचं चष्म्याचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर लोखंडी चौकट चढवायची आणि तिच्यात एकेक भिंग सरकवत विचारायचं, "हे बरं की हे? आता हे बरं, की आधीचं?" गिऱ्हाईक घुटमळलं की बाई दटावत, "विचार नका करू हो. पहिलं उत्तर खरं असतं. विचार केला की नंबर चुकतो."

नाटकाच्या बाबतीतही त्यांचा हाच खाक्या होता. पडदा वर जाऊन थोडा वेळ झाला, की त्या डॉक्टरांच्या कानाशी लागून निकाल देऊन टाकत. "पडणार." नाहीतर, "चालणार, चालणार, धो धो चालणार!" नवीन नाटकाची जाहिरात दिसली, की बाईंच्या अंगात वारं शिरायचं. त्या दिवशी जवळच्या नंबराची भिंगं लांबच्या कप्प्यात जात, आणि दुकान सांभाळणारी धाकटी बहीण कपाळाला हात लावून म्हणे, "लागलं वाटतं कुठं तरी नवीन नाटक."

एक नियम मात्र कडक होता. नाटक बघितल्याशिवाय त्याचं परीक्षण वाचायचं नाही. "दुसऱ्याचा चष्मा लावला की डोकं दुखतं," असं बाईंचं म्हणणं. बघून आल्यावर मग सगळी वर्तमानपत्रं गोळा करून त्या एकेका परीक्षकाशी मोठ्यानं भांडत. "अरे मेल्या, दुसऱ्या अंकात झोपला होतास का रे?" एका परीक्षकाचं नाव त्यांनी 'कडू कारलं' ठेवलं होतं. त्याला आजवर एकही नाटक धड आवडलं नव्हतं, आणि तरी एकही त्यानं चुकवलं नव्हतं. त्यामुळे बाईंना त्याच्याबद्दल मनातून थोडी माया होती.

डॉक्टरांचं सगळं उलट. ते परीक्षणं आधी वाचत. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. म्हणून दोघांत तह झाला होता की डॉक्टरांनी खुशाल वाचावं, पण नाटक संपेपर्यंत तोंडातून ब्र काढू नये. त्यांचे ओठ जरा हलले, की बाई म्हणत, "तोंड!" आणि दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात ज्याचा सगळा जन्म गेला, तो माणूस स्वतःचं तोंड मिटून घेई.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांनी बाईंना मागणी घातली होती, आणि बाईंनी तिचं उत्तर दिलेलं नव्हतं.

मागणीसुद्धा त्या अंधाऱ्या खोलीतच घातली गेली. डॉक्टर नाकावर लोखंडी चौकट घेऊन बसले होते. बाईंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून सांगितलं, "शेवटची ओळ वाचा." डॉक्टरांनी घसा साफ केला आणि वाचलं, "माझ्याशी लग्न कराल का?"

"तशी ओळ नाही तिथं," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातातलं भिंग खाली पडलं, पण फुटलं नाही.

"मला तरी तीच दिसतेय."

डॉक्टर विधुर होते. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. बाईंचं लग्न राहून गेलं होतं, आणि ते राहिल्याचं त्यांना विशेष वाटलंही नव्हतं. नाही म्हणायला कारण सापडेना आणि हो म्हणायला जीभ रेटेना. शेवटी बाईंनी नाटकाचाच आधार घेतला. "हे बघा डॉक्टर, छोट्या हॉलमधलं नाटक छोट्या हॉलमध्येच रंगतं. मोठ्या थिएटरात नेलं की त्याचा जीव जातो. आपलं हे असंच बरं आहे. मधल्या सुट्टीतला चहा, परतताना वादावादी. उगाच मोठं थिएटर कशाला घ्यायचं?"

यावर डॉक्टरांनी चौकट काढून हातात दिली आणि म्हणाले, "मी थांबतो." त्याला आता दोन वर्षं होत आली होती. डॉक्टर थांबले होते, आणि धाकटीचा पारा चढत होता.

अशात ते घड्याळवाल्या बहिणींचं नाटक आलं. गालिच्यांच्या गोदामावर एक खोलीवजा हॉल होता, त्यात लोखंडी घडीच्या खुर्च्या टाकून काही पोरंपोरी ते करत. दोन बहिणी घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवतात. वरच्या खोलीतला भाडेकरू थोरलीला न सांगता निघून जातो. वर्ष सरतं. शेवटी एका संध्याकाळी दाराची घंटा वाजते. थोरली खिळ्यावरची, त्याच्या खोलीची किल्ली काढते, दाराशी जाते, कडीला हात लावते, आणि अंधार. बाहेर कोण आहे, ते नाटक सांगतच नाही. बाई ते चार वेळा बघून आल्या. चारही वेळा त्या शेवटच्या अंधारात त्यांना रडू आणि हसू एकदम फुटलं. येताना त्या रस्त्याच्या मधून चालत होत्या आणि डॉक्टर त्यांना कोपराला धरून कडेला आणत होते.

आणि मग बातमी आली, की एका निर्मात्यानं नाटक उचललं. आता ते मोठ्या थिएटरात होणार.

"संपलं!" बाईंनी दुकानातच जाहीर केलं. "मेलं ते. तिथं थोरलीचं कुजबुजणं तिसऱ्या रांगेला तरी ऐकू जाणार आहे का?"

डॉक्टर चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि टिकलं तर?"

"नाही टिकत."

"समजा टिकलं."

बाईंनी पेचकस जरा जास्तच फिरवला. "टिकलं तर... बघू."

"'बघू' म्हणे!" धाकटी गल्ल्यावरून कडाडली. "डॉक्टर, माझं ऐका. एक तर चष्मा बदला, नाहीतर दुकान बदला."

पण बाईंच्या तोंडून शब्द गेला होता, आणि तिघांनीही तो ऐकला होता.

पहिला खेळ रविवारी दुपारचा होता. धाकटीला नाटकाचा कंटाळा, पण ती म्हणाली, "आज मी येणार. साक्षीला." ती बाईंच्या दुसऱ्या बाजूला बसली. थिएटर गच्च भरलं होतं. बाल्कनीत माणसं, दारापाशी माणसं, आणि पुढच्या रांगेत पाय पसरून कडू कारलं.

डॉक्टर त्या दिवशी अस्वस्थ होते. बसल्याबसल्या त्यांनी सुरुवात केली, "बाई, त्या शेवटाबद्दल एक फार महत्त्वाचं—"

"तोंड!"

"पण आजच्या पेपरात—"

"तोंड म्हटलं ना!"

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांची टिकटिक सुरू झाली आणि बाईंनी श्वास धरला. थोरली कुजबुजली. कुजबुज निघाली ती सातव्या रांगेवरून, बाल्कनीखालून, थेट मागच्या दारापर्यंत गेली, आणि तिथला उभा माणूससुद्धा हसला.

"ऐकू आलं," बाई डॉक्टरांच्या कानात म्हणाल्या. "अहो, ऐकू आलं!"

पुढे त्यांनी निकाल दिलाच नाही. निकाल द्यायचं भानच राहिलं नाही. छोट्या हॉलमध्ये जिथं पंधरावीस माणसं गालात हसायची, तिथं इथं हास्याची लाट उठत होती आणि नट तिच्यावरून अलगद तरंगत पुढच्या वाक्याला लागत होते. मधल्या सुट्टीत बाई दोन कप चहा प्यायल्या, त्यातला एक डॉक्टरांचा होता. दुसऱ्या अंकात त्या इतक्या पुढे झुकल्या, की पुढच्या रांगेतला गृहस्थ मान वळवून म्हणाला, "बाई, माझ्या मांडीवर येऊन बसता का?"

आणि दाराची घंटा वाजली.

सगळी घड्याळं गप्प झाली. थोरलीनं किल्ली काढली. दाराशी गेली. कडीला हात लावला. प्रकाश किंचित मंदावला.

बाई ताडकन उभ्या राहिल्या. टिकलं! मोठ्या थिएटरात टिकलं! त्यांनी जीव खाऊन टाळ्या पिटायला सुरुवात केली. "वा! वा!" डॉक्टरांनी त्यांची बाही धरून खाली ओढलं. बाईंना वाटलं, बिचारे गहिवरलेत, आपले आपण उठवत नाही त्यांना. म्हणून त्यांनी डॉक्टरांना काखेत हात घालून वर खेचलं. डॉक्टरांच्या कोटाची शिवण टर्रकन उसवली. मागची रांग उठली. तिच्या मागची उठली. बाल्कनी उठली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की विंगेतल्या पडदेवाल्याला दुसरं काही सुचलंच नाही. टाळ्या पडल्या की पडदा पाडायचा, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं दोर सोडला.

पडदा पडता पडता बाईंना दिसलं, की थोरलीच्या समोरचं दार उघडत होतं. बाहेरून. आणि फटीत एक बूट होता.

"डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "तो बूट कुणाचा?"

"तेच तर सांगत होतो. शेवट बदललाय त्यांनी. नवीन प्रवेश घातलाय. त्यासाठी जुन्या जमान्यातला तो विनोदी नट खास बोलावून आणलाय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही 'तोंड' म्हणालात."

धाकटी खुर्चीतच खदखदा हसत होती. तिला नाटक पहिल्यांदाच आवडलं होतं.

बाहेर चहाच्या टेबलापाशी ही गर्दी. कडू कारलं हात हलवत चारचौघांना सांगत होतं, "काय संयम! दार उघडतंय आणि पडदा! मोठ्या थिएटरात एवढं धाडस मी पाहिलेलं नाही. सकाळच्या पेपरात काहीतरी नवीन प्रवेश आहे म्हणून छापलंय. साफ खोटं. काढून टाकला त्यांनी, आणि उत्तम केलं."

तेवढ्यात विंगेकडचं दार धाडकन उघडलं आणि एक म्हातारा नट बाहेर आला. अंगात लांब कोट, हातात ट्रंक, आणि मिशी एका बाजूनं सुटलेली.

"माझी एन्ट्री कुणी खाल्ली?" त्यानं गर्जना केली. आवाज असा, की चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. "किती वर्षांनी रंगभूमीवर पाय ठेवत होतो. एकच पाय पडला! दुसरा बाहेरच राहिला!"

कडू कारलं घाईघाईनं खिशात पेन शोधू लागलं.

बाईंना दडी मारता आली असती. पण त्यांचे पाय आपोआप पुढे झाले. "मी खाल्ली," त्या म्हणाल्या. "पहिली टाळी माझी. छोट्या हॉलमध्ये ते तिथंच संपायचं हो. आणि मला इतका आनंद झाला... मला क्षमा करा."

म्हाताऱ्यानं त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग ट्रंक खाली ठेवून तिच्यावरच बसला. राग फारसा टिकला नाही. लोक भोवती जमलेले बघून त्याला भलताच हुरूप आला.

"चार पानं पाठ केली होती," तो म्हणाला. "मी त्या भाडेकरूचा बाप. त्याचा निरोप घेऊन येतो. हसवतो, रडवतो, आणि किल्ली परत मागतो. आता म्हणतायत, हाच शेवट ठेवू, लोक उभे राहिले. उद्यापासून मी रोज नुसता बूट दाखवायचा का?"

"पण ते सुंदर आहे," बाई कळवळून म्हणाल्या. "दार उघडत नाही, कोण आहे ते कळत नाही. सगळं तसंच अधांतरी राहतं, म्हणून तर..."

"तुम्हाला आतून बघायला सुंदर वाटतं हो!" म्हातारा म्हणाला. "कधी बाहेर उभ्या राहिलाय? घंटा वाजवून? आतल्याला वाटतं, वा, काय रंगत चाललीय. आणि बाहेरच्याचे पाय दुखतात!"

सगळे खो खो हसले. धाकटी सर्वांत मोठ्यानं. म्हाताऱ्यानं वाकून मुजरा केला, आणि त्याची मिशी चहाच्या बशीत पडली.

बाई मात्र हसायच्या थांबल्या. त्यांनी वळून पाहिलं. डॉक्टर खांबापाशी उभे होते. दोन्ही हातांत चहाचे कप, एक त्यांचा, एक बाईंचा. कोटाची शिवण काखेपासून खिशापर्यंत उसवलेली, आणि आतलं पांढरं अस्तर बाहेर लोंबत होतं. कप ठेवायला जागा नव्हती, आणि उभे राहून राहून ते एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेत होते. नंतर पुन्हा पहिल्यावर.

"डॉक्टर," बाईंनी विचारलं, "नाटक टिकलं असं म्हणायचं का? पहिली उठले ती मीच. म्हणजे मीच लुडबूड केली. हा काही खरा निकाल नाही."

"तुम्ही एकट्या उठलात," डॉक्टर म्हणाले. "बाकीच्यांना काही तुम्ही ओढून उठवलं नाहीत."

"आणि उद्या नाही टिकलं तर?"

"तर परवा दुसरं नाटक बघू."

"ताई," धाकटी मागून म्हणाली, "विचार करू नकोस. विचार केला की नंबर चुकतो, असं आमच्या दुकानातली एक बाई म्हणते."

 बाई गर्दीतून वाट काढत खांबापाशी गेल्या. डॉक्टरांच्या दोन्ही हातांतले कप त्यांनी काढून घेतले आणि एक म्हाताऱ्या नटाच्या हातात दिला, दुसरा कडू कारल्याच्या. कारल्यानं काही न कळून तो घेतला. मग बाईंनी घसा साफ केला. चहावाला थांबला, पायऱ्यांवरचे लोक थांबले, आणि थोरलीचं काम करणारी पोरगीसुद्धा रंग न पुसता दारात येऊन उभी राहिली. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाई म्हणाल्या,

"डॉक्टर, मी तुमच्याशी लग्न करणार आहे."