लवंगेचा वास

“थांब, सगळी ओतू नकोस!” मेथोदी कपाटाच्या दिशेने ओरडला. “तळाला दोन बोटं राहू दे. मग बाटली गोल फिरव, गाळ उठला की ओत. गव्हाची बिअर आहे ती, चहा नाही.”

“हो काका, रोज तेच सांगता,” कपाटाआड पेले भरणाऱ्या सोलोमियाचा, मदतनीस पोरीचा, आवाज आला. “पाळण्यातल्या पोरांनाही पाठ झालं असेल एव्हाना.”

झेनोविया टेबलापाशी मांडीवर हात ठेवून बसली होती. युक्रेनमधल्या तेर्नोपिलजवळच्या या लहानशा कारखान्यात बिअर चाखून ती पास की नापास ते सांगायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. त्यापायी तिने कधी ओठ रंगवले नाहीत, अत्तर लावलं नाही, आणि कामाच्या दिवशी लसणाला हात लावला नाही. नवरा होता तोवर म्हणायचा, “माझ्याशी कुठलं, हिने त्या पिंपांशी लग्न लावलंय.” शनिवारी रात्री मात्र ती काळ्या पावावर खारवलेली चरबी ठेवून सोबत कच्चा लसूण कचाकचा खायची आणि रविवारभर कोणाच्या जवळ फिरकायची नाही.

यंदाच्या हिवाळ्यात तिला ताप आला आणि तापाबरोबर तिचं नाक गेलं. आंबट, गोड, कडू जिभेला कळायचं, पण वास म्हणून कसलाच नाही. चुलीवर दूध करपलं तर धूर दिसल्यावर कळायचं. सुरुवातीला तिने कोणाला सांगितलं नाही, कारण आज ना उद्या परत येईल असं वाटत होतं. पुढे सांगता येईना, कारण मेथोदी.

मेथोदी हा कारखान्याचा मुख्य कारागीर, आणि गव्हाची बिअर त्याच्या मुलाची, यारेमाची. तिचं खमीर यारेमाने जमवलेलं. दह्याचं विरजण जसं आजच्यातून उद्याला ठेवतात, तसं या टाकीतून त्या टाकीत तो ते जपायचा. झेनोवियाने त्या पोराला भारी छळलं होतं. “केळ्याचा वास आलाय, लवंगेचा कुठाय? पुन्हा कर.” तो पाय आपटत जायचा आणि पुन्हा करायचा. शेवटी एकदाची लवंग आली, तेव्हा त्याने तिला पोत्यासारखं उचलून गरगर फिरवलं होतं. मग तो फौजेत गेला. ऑगस्टमध्ये रजेवर आला तेव्हा एक टाकी लावून गेला, आणि पानगळीच्या सुमारास आघाडीवर बेपत्ता झाला. मेला असं कोणी म्हणत नव्हतं, जिवंत आहे असंही कोणी म्हणत नव्हतं.

जुनं खमीर बिघडतं, ते कधीतरी टाकून नवं आणावं लागतं, हे मेथोदीला कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण ते पोराच्या हातचं होतं. प्रत्येक नव्या टाकीच्या वेळी तो झेनोवियाच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. ती घोट घ्यायची आणि आठवणीतून म्हणायची, “केळं. लवंग. भाजलेल्या पावाची कड.” एवढं ऐकलं की त्याचे ताठलेले खांदे सैल व्हायचे. एवढ्यासाठी ती खोटं बोलत राहिली.

सोलोमियाने तिघांपुढे निळ्या काचेचे तीन तीन पेले मांडले. निळ्या काचेत रंग कळत नाही, म्हणून चाखायला तेच वापरायचे. दोन पेल्यांत नवी बिअर आणि एकात ऑगस्टमधली, यारेमाच्या हातची शेवटची बाटली. मेथोदीने ती तळघरात जपून ठेवली होती. आज ती फोडली, कारण ओरेस्त आला होता. तो यारेमाच्या तुकडीतला. पायाला जखम झाल्यामुळे बरेच महिने इस्पितळात काढून नुकताच काठीवर चालू लागलेला.

“खंदकात ह्या बिअरचं पुराण ऐकून ऐकून कान किटले होते माझे,” ओरेस्त म्हणाला. “म्हणायचा, एकदा पी, मग बायको शोधायची गरज नाही.”

“गाढव आहे,” मेथोदी म्हणाला. ‘होता’ म्हणाला नाही. “चला, ओळखा बघू त्याची कुठली ते. झेन्या, आधी पाहुण्याला सांगू दे. तू बोललीस तर खेळ संपला.”

झेनोवियाने पेले नाकाशी नेले. तीन वेळा नुसती हवा आत गेली. घोट घेतले. तिसरा किंचित गोड लागला की काय? की दुसरा? 

ओरेस्तने पहिला घोट घेतला आणि कपाळाला आठी घातली. दुसरा घेतला, पेला हळूच लांब सरकवला. मग तिसरा हातात घेतला आणि तो काठीच्या आधाराने उभा राहिला. फौजेतली सवयच ती. तिसरा पेला गेलेल्यांचा, तो उभ्यानेच आणि मुकाट्याने प्यायचा असतो.

“खाली बस,” मेथोदी म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला. “इथला तिसरा तसला नाही. बस म्हणतो ना!”

“चुकलं काका, चुकलं.” ओरेस्त कानकोंडा होऊन बसला. घोट घेतला. “हीच त्याची. सांगायचा तश्शीच.”

“आणि त्या दोन? त्यासुद्धा त्याच्याच खमिराच्या आहेत.”

ओरेस्तने सोलोमियाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघू लागली.

“राग नका मानू काका. त्यांना मलमपट्टीचा वास येतोय. आमच्या वॉर्डात यायचा ना, अगदी तोच.”

मेथोदी हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “अरे बाबा, इतके महिने इस्पितळात पडून होतास. नाकात तोच वास बसलाय तुझ्या. लवंग आहे ती! विचार हिला. झेन्या, सांग ह्याला.”

“असेल,” ओरेस्त लगेच म्हणाला आणि मान खाली घातली. “खरंच असेल. रात्री उशीलासुद्धा तोच वास येतो मला. डोकं ठिकाणावर नाही म्हणतात ते हेच.”

झेनोविया त्याच्याकडे बघत राहिली. नुसतं ‘लवंग’ म्हटलं असतं तर सगळं कालच्यासारखं चालू राहिलं असतं, आणि हा पोरगा आपलं डोकं फिरलंय असं समजून गाडीत बसून निघून गेला असता.

“तुझं नाक धड आहे रे बाळा,” ती म्हणाली. “गेलंय ते माझं. हिवाळ्यापासून मला कसलाच वास येत नाही. मेथोदी, मी तुला सगळं मनचंच सांगत होते.”

बाहेर जनरेटर घरघरत होता. मेथोदी चिडेल, पेला आपटेल असं तिला वाटलं. त्याने तसं काही केलं नाही.

“मलाही पट्टीचाच वास येत होता,” तो म्हणाला. “जानेवारीत मला ओळख पटवायला बोलावलं होतं ना, शवागारात? तो आपला नव्हता. पण तिथून आल्यापासून मला भाकरीलाही तसलाच वास यायचा. वाटलं, आपण कामातून गेलो. तू लवंग म्हणायचीस, म्हणून गप्प बसलो.” त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. “वेडा झालो असं वाटत होतं गं मला.”

झेनोवियाला रडू फुटलं. त्याला आधार देतोय असं ती समजत होती, आणि त्याचा स्वतःच्या नाकावर जो काही विश्वास उरला होता तोच तिने काढून घेतला होता.

“सोलोमिया, तुला?” मेथोदीने विचारलं.

“येत होता काका,” ती पुटपुटली. “गावातही सगळ्यांना येतो. पण तुम्हाला कोण सांगणार? पितात तशीच.”

मेथोदी उठला. टाकीखालचा नळ त्याने स्वतः उघडला आणि ते करडं खमीर मोरीत जाऊ दिलं. मग गरम पाण्याची नळी घेऊन, बाह्या वर सारून, टाकी धूत राहिला. कोणी मदतीला गेलं नाही. परत आला तेव्हा त्याने ओरेस्तच्या पेल्यात उरलेली यारेमाची बिअर स्वतःच्या पेल्यात ओतून घेतली आणि बसूनच प्यायली.

“खमीर मेलं,” तो म्हणाला. “तेवढंच मेलं. कळलं का सगळ्यांना?”



दुपारी कँटीनमध्ये स्वयंपाकीण हान्काने बोर्शचं, म्हणजे बीटच्या रश्शाचं, भांडं पुढे ठेवलं. सगळ्यांच्या ताटात लसूण माखलेले छोटे गरम पाव वाढले आणि झेनोवियाच्या ताटात, नेहमीप्रमाणे, कोरडा काळा पाव.

“हान्का, मला लसणाचा दे.”

हान्काचा हात थांबला. “आज गुरुवार आहे, मावशी.”

“माहीत आहे. दे.”

आजूबाजूचे चमचे थांबले. हान्काने पाव वाढला. झेनोवियाने तो मोडला, अर्धा मेथोदीच्या ताटात ठेवला आणि उरलेला तोंडात घातला. जीभ झोंबली, डोळ्यांत पाणी आलं, वास मात्र आला नाही. तिने शेवटच्या घासापर्यंत तो नीट चावून खाल्ला.