सोबतच्या माणसाची खुर्ची

दादाला इस्पितळात दाखल केलं तेव्हा त्याने पहिली तक्रार केली ती खाटेबद्दल. श्वास पुरत नव्हता, नाकात ऑक्सिजनची नळी होती, तरी मला जवळ बोलावून म्हणाला, "पायथ्याचं हँडल फिरवून बघ. आतले आटे झिजलेत. हा आपला माल नाही."

आपला माल म्हणजे आमच्या कारखान्यातला. आम्ही दोघे भाऊ बावीस वर्षं एका छपराखाली फर्निचर बनवत होतो. मी ऑफिसांचं काम बघायचो: टेबलं, फिरत्या खुर्च्या, पार्टिशनं. दादाकडे इस्पितळं होती. खाटा, खाटेशेजारची छोटी कपाटं, पडद्यांच्या चौकटी, सलाईनचे स्टँड. कारखान्यातली माणसं पाठीमागे त्याला 'मिलिमीटर' म्हणायची. हे त्याला ठाऊक होतं आणि आतून आवडतही असावं. वेल्डिंग झालेली चौकट एका अंगाला दोन मिलिमीटर जास्त भरली, तर तो ती परत कापायला लावायचा. "बसलेल्या माणसाला टोचलं तर तो उठून जातो," म्हणायचा. "पडलेला कुठे जाणार?"

त्याचं हृदय वाढलं होतं आणि थकलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की औषधांनी त्रास कमी होईल, आजार मागे फिरणार नाही. दादाला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याने ओळखलं होतं. "मन मोठं ठेव, मन मोठं ठेव, असं आई सारखी म्हणायची," तो मला म्हणाला. "मी जरा जास्तच ऐकलं."

वहिनी शाळेत गणित शिकवायची. तिने लांबची रजा टाकली आणि खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर ठाण मांडलं. त्या स्टुलाला ना पाठ, ना हात. मी म्हणायचो, "वहिनी, तुम्ही घरी जाऊन चार तास पडा, मी बसतो." ती मान हलवायची आणि बसून राहायची. माझी बायको डबा घेऊन गेली, की वहिनी स्टुलावरच बसून खायची, दादाकडे तोंड करून.

अकराव्या दिवशी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि ती पुढे कोसळली. शेजारच्या कपाटाचा कोपरा कपाळाला लागून टेंगूळ आलं. मी पोचलो तेव्हा ती बर्फ लावून बसली होती आणि दादा चिडलेला होता.

"हे कपाट मात्र आपलं आहे," तो म्हणाला. "कोपरे गोल करायला पाहिजे होते. वीस वर्षं इस्पितळांचा माल करतोय मी. पेशंटचा विचार केला, नर्सचा केला, झाडूवाल्याचा केला. सोबत बसणाऱ्याचा एकदाही केला नाही." मग जरा दम खाऊन म्हणाला, "तुला खुर्च्यांतलं कळतं. तिला झोपता येईल असं काहीतरी कर."

टेप नव्हता, म्हणून त्याने पडल्या पडल्या वितीने मापं घेतली. दोन खाटांमधलं अंतर, ट्रॉली जायला लागणारी वाट, गादीची उंची. मी वहीत लिहून घेतलं. वॉर्डाच्या मेट्रनबाई आधी सरळ नाही म्हणाल्या. बाहेरची वस्तू आली की तिच्याबरोबर जंतू येतात, आज एकाला दिली की उद्या सगळे मागतील. मी त्यांना सांगितलं, की रेक्झिनला शिवण दिसणार नाही, फिनाईलने पुसता येईल, मिटली की स्टुलाएवढीच जागा खाईल, आणि आमचं काम झालं की ती वॉर्डाची. 'आमचं काम झालं की' हे शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आले. मेट्रनबाईंनाही आले असावेत. त्या एवढंच म्हणाल्या, "ब्रेक लागणारी चाकं लावा."

मी कागदावर आकृती काढून दादाला दाखवली. पाठ तीन टप्प्यांत मागे जाते, पायांखाली पट्टी बाहेर येते. त्याने बराच वेळ कागद डोळ्यांसमोर धरला.

"हात दोन इंच वर घे."

"कशाला? ऑफिसच्या खुर्चीला एवढेच असतात."

"ऑफिसात लोक झोपत नाहीत. म्हणजे झोपतात, पण ते आपल्याला धरायचं नाही. ही झोपली की डावीकडे कलंडते. तीस वर्षं बघतोय मी. हात उंच असला की अडेल."

मी हात दोन इंच वर घेतले. चार दिवसांत खुर्ची तयार झाली. फोम मी स्वतः कापला.

वॉर्डात खुर्ची आली तेव्हा वहिनी ओशाळली. "भाऊजी, आजारी नक्की कोण आहे?" म्हणाली. पहिला अख्खा दिवस ती खुर्चीत मुलाखतीला आल्यासारखी ताठ बसली. दुसऱ्या दिवशी दादाने तिला कळ ओढायला लावली आणि पाठ मागे गेली. मी संध्याकाळी गेलो तर तो कितीतरी दिवसांनी खुशीत होता.

"आज दोन तास झोपली," खालच्या आवाजात म्हणाला. "तोंड उघडं टाकून. आणि मला म्हणते तुम्ही घोरता."

"तू काय करत होतास?"

"बघत होतो."

पुढचे आठ दिवस हेच चाललं. दुपारी वॉर्ड शांत झाला, की वहिनी झोपायची आणि दादा बघायचा. मी गेलो की मला हिशोब द्यायचा: आज दीड तास, आज पावणेदोन. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं कमी झाली. मला वाटायचं, बावीस वर्षांत मी एवढं चांगलं काही बनवलं नाही.

खुर्ची आल्याच्या दहाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास इस्पितळातून फोन आला. मी कारखान्यातून तसाच निघालो. पोचलो तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. वहिनी पडद्याबाहेर भिंतीला टेकून उभी होती, खुर्चीपासून लांब. रडत नव्हती. गालावर रेक्झिनचा वळ उठलेला होता.

"मी झोपले होते, भाऊजी," ती म्हणाली. त्या दिवशी ती माझ्याशी दुसरं काही बोलली नाही.

कागदांवर सह्या करायला गेलो, तेव्हा ड्युटीवरच्या सिस्टरने मला व्हरांड्यात थांबवलं. तरुण मुलगी होती. "अडीचला बीपी बघायला गेले तर खूप कमी लागलं. डॉक्टरांना बोलवायला पळणार होते. आधी ताईंना उठवते म्हटलं, तर तुमच्या दादांनी ओठांवर बोट ठेवलं. मान हलवली. मला वाटलं, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, ताईंना न उठवता तशीच पळाले. डॉक्टर आले तेव्हा..." मी तिला म्हणालो, तुमची काही चूक नाही. आणि हे वहिनीला सांगायचं नाही, असं मनाशी ठरवून टाकलं. का ठरवलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिला त्रास होईल, असं मी स्वतःला सांगत होतो.

नंतरचे महिने वाईट गेले. वहिनी शाळेत जाऊ लागली. आम्ही गेलो की चहा करायची, माझ्या मुलीच्या अभ्यासाचं विचारायची, सगळ्या जगाचं बोलायची, पण माझ्या डोळ्यांना डोळा द्यायची नाही. बायकोजवळ मात्र एकदा बोलून गेली: "मी त्या स्टुलावर असते तर जागी असते." बायकोने मला ते सांगितलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस मी कारखान्यात खुर्चीला हात लावला की मला ते वाक्य ऐकू यायचं.

मग मेट्रनबाईंचा फोन आला. ती खुर्ची वॉर्डात कधी रिकामी नसते, म्हणाल्या. नव्या विभागासाठी तशाच चाळीस हव्यात. मी बघतो म्हणालो. दुसऱ्या फोनलाही बघतो म्हणालो. तिसऱ्या फोनला त्या म्हणाल्या, "बघण्यासारखं काय आहे त्यात? तुम्हीच तर बनवलीत."

रविवारी सकाळी मी एकटाच वहिनीकडे गेलो. ती टेबलावर पेपर तपासत होती. मी चाळीस खुर्च्यांचं सांगितलं. तिने लाल पेन खाली ठेवलं नाही.

"मला कशाला विचारता?"

"तुम्ही नाही म्हणालात तर करणार नाही."

मग मी सिस्टरचं सगळं सांगून टाकलं. ओठांवर ठेवलेलं बोट, हललेली मान, सगळं. सांगून झाल्यावर तिने लाल पेन खाली ठेवलं.

"पाच महिने झाले," ती म्हणाली. "पाच महिने तुम्ही हे पोटात ठेवलंत."

"वाटलं, तुम्हाला त्रास होईल."

"त्यांना वाटलं, माझी झोप मोडेल. सिस्टरला वाटलं, पाचच मिनिटं. तुम्हाला वाटलं, त्रास होईल." तिचा आवाज चढला नाही. वर्गात गणिताच्या पायऱ्या सांगाव्या तशी ती बोलत होती. "सगळ्यांनी त्यांचं ऐकलं, भाऊजी. मला कोणी विचारलंच नाही."

मी खाली मान घालून बसलो. बाहेर शेजाऱ्यांचं पोर सायकलची घंटी वाजवत होतं, ते कंटाळून निघून गेलं. तेव्हा कुठे वहिनीने डोळे पुसले आणि पेपरांच्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद ओढला.

"स्टुलावर होते तेव्हा मी त्यांचा हात धरून बसायचे," ती म्हणाली. "डुलकी लागली तरी हात हातातच असायचा. त्यांनी नुसतं बोट हलवलं तरी जाग यायची. खुर्चीचा हात एवढा उंच, की पलीकडे पोचताच येत नव्हतं. मी दोनतीनदा प्रयत्न केला. खांदा भरून यायचा. त्यांना सांगणार होते, पण ते इतके खूश होते त्या खुर्चीवर."

"ते हात दादानेच वर घ्यायला लावले," मी म्हणालो. "तुम्ही कलंडू नये म्हणून."

"माहीत आहे. मला म्हणाले होते." तिने कागदावर दोन रेघा मारल्या, एक खाटेची, एक खुर्चीची. "खाटेच्या बाजूचा हात खाली पडला पाहिजे. गादीच्या पातळीच्या खाली. खाट डावीकडे असेल नाहीतर उजवीकडे, म्हणून दोन्ही हात तसे करा. आणि करा त्या चाळीस."

बिजागरी बसवायला आम्हाला तीनदा चौकट बदलावी लागली. हात पडताना खाड्कन आवाज व्हायचा, तो जाईपर्यंत मी एकही खुर्ची पावडर कोटिंगच्या रंगाला पाठवली नाही. माणसं वैतागली. नवा मिलिमीटर आला, असं कोणीतरी मला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणालं.

पहिल्या वीस खुर्च्या निघायच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर वहिनी कारखान्यात आली. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच. माणसं उठून उभी राहिली. तिने एका खुर्चीची कळ ओढून पाठ मागे केली, परत पुढे घेतली. मग डावा हात खाली पाडला, उजवा पाडला, आणि बिजागरीवरून बोट फिरवलं. बसली नाही. मीही बसा म्हणालो नाही.

"ठीक झालंय," ती म्हणाली. मग पर्समधून रुमाल काढून बोटाला लागलेलं ग्रीस पुसलं आणि पाचची बस चुकेल म्हणून निघाली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो.